बेचाळीस पावलं

टपालमामा एस.टी.त कधी बसले नाहीत. गावातून वरच्या धनगरवाड्याकडे निघालेली गाडी चावडीपाशी त्यांना गाठायची, तेव्हा कंडक्टर दारात लोंबकळून ओरडायचा, "मामा, या की वर! जागा हाय." मामा खांद्यावरची पिशवी सारखी करत म्हणायचे, "तू हो फुडं. मला घाई हाय." सगळी गाडी खदखदून हसायची. पहिल्यांदा मीही हसले होते. गावात नवीनच मास्तरीण म्हणून आले होते आणि पटनोंदणीसाठी वर चालले होते. गाडी डोंगराला तीन वळसे घालून, मधे एकदा इंजिनाला पाणी पाजून खिंडीत पोचली, तर मामा वडाखाली बसून पानाला चुना लावत होते. "आलासा व्हय?" एवढंच म्हणाले. माझं हसू तिथंच विरलं.

मी कोल्हापूरच्या पेठेत वाढलेली. आमच्याकडे साधं बोलणंही शेजारच्याला भांडण वाटावं असा आवाज, त्यात माझा राग कायम नाकावर. मलकापूरच्या पलीकडच्या त्या आडगावात नेमणूक झाली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. तिथं माझा पहिला सोबती कोण, तर हा निवृत्तीला टेकलेला पोस्टमन. अंगानं काटकुळा, खाकी कपडे, पायात करकरणारं पायताण. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. गावात कुणी ते घेत नव्हतं. पायताणाची करकर ऐकू आली की बायका चुलीपुढून उठायच्या.

मामांची एक खोड होती. कुठलंही पत्र ते दोनदा वाचून दाखवायचे. धनगरवाड्यावर तेव्हा वाचणारं कुणी नव्हतं आणि निम्म्या घरांतला एकेक माणूस मुंबईच्या गिरणीत. मामा ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे आणि पत्र आधी भराभर वाचायचे: पैसे पाठवलेत, खोकला बरा आहे, शिमग्याला रजा नाही. मग चष्मा पुसून तेच पत्र सावकाश वाचायचे आणि 'आई' या शब्दावर थांबायचे. मी एकदा विचारलं, "मामा, दोनदा कशाला?" तर म्हणाले, "येकदा बातमीसाठी वाचायचं बाई, आन् येकदा मानसासाठी. बातमी कळल्यावरच मानूस ऐकू येतंय." मला हे तेव्हा फारसं समजलं नाही. उशीर होतो म्हणून मी चिडलेच होते.

पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. धनगरवाड्याचं टपाल एस.टी.नं जायला लागलं आणि गावापासून वरपर्यंत जाणारी जुनी पायवाट ओस पडली. ती साधीसुधी वाट नव्हती हं. कुण्या काळी कोकणातून मिठाचे बैल त्या वाटेनं वर यायचे म्हणे. चढणीला मोठाले दगड बसवून फरसबंदी केलेली, वाटेत बैलांना पाणी पाजायला एका अखंड खडकात खोदलेली डोणी, गावाशेजारी पायऱ्यांची विहीर. हे सगळं झाडोऱ्यात आणि शेणात बुजून गेलेलं. गावकऱ्यांना त्याचं काही नव्हतं. फरसबंदीतले दोन दगड एकानं गोठ्याला लावले होते आणि तो ते अभिमानानं दाखवायचा.

शाळेच्या सहलीचं घोडं दरवर्षी अडायचं, कारण गाडीभाडं कुणाला परवडायचं नाही. एका वर्षी मामा शाळेच्या दारात आले आणि म्हणाले, "सहलीला लांब कशाला? आपलीच वाट दावूया की पोरांस्नी." मी म्हटलं, चला, फुकटात काम होतंय. आता याला हेरिटेज वॉक म्हणतात. माझी नात परवा असल्याच एका सहलीला टोपी घालून, पैसे भरून गेली होती. आम्ही गेलो ते भाकरी फडक्यात बांधून. मी तर उन्हानं वैतागलेलीच होते. अर्ध्या वाटेवर मामा एकाएकी थांबले. समोर ऊस. डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस आणि वाट गायब.

"मामा, वाट कुठं आहे?" मी विचारलं. त्यांनी उसाकडे बोट केलं. "हितं. बेचाळीस पावलं. त्या तिकडं पुन्ना सुरू हुतीया." आम्ही ओढ्यातून मोठा वळसा घेतला. चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी सगळ्यांदेखत तोंडाचा पट्टा सोडला.  खडकावर बसून मामांनी सुतळीनं माझी चप्पल बांधून दिली आणि मग खाली मान घालून म्हणाले, "अठ्ठावीस वरसं चाललो बाई ह्या वाटंनं. माजं सगळं आयुष्य हिच्यावरच गेलं. आता वाटच ऱ्हायली न्हाय तर मी जलमभर कुटं जात हुतो म्हनून सांगू?" मी बांधलेली चप्पल पायात घातली आणि पोरांना घेऊन त्यांच्या मागून चालायला लागले. 

त्या दिवसापासून मामांनी ध्यास घेतला: वाट गावापासून धनगरवाड्यापर्यंत पुन्हा सलग करायची आणि वर्षातून एकदा सगळ्या गावानं ती चालायची. ते दारोदार गेले. वर्गणी मागितली नाही की सभा घेतली नाही. ज्याच्या घराशेजारी जे असेल ते त्यानं साफ करायचं आणि त्याची गोष्टही त्यानंच सांगायची, एवढंच त्यांचं सांगणं. मी म्हटलं, "अहो, त्यांना काय माहीत गोष्ट? मी इतिहासाच्या पुस्तकातून लिहून देते." मामा म्हणाले, "तुमी ल्ह्याल ते तुमी सांगा. ज्येच्या दारातला दगड, त्येला त्येची म्हायती नसंल तर मग त्यो इचारंल, शोदंल. शोदू दे की!" आणि खरोखरच म्हातारी माणसं डोकं खाजवायला लागली.

सगळ्यांत मजा सखूकाकींची. काकी आपल्या परसात गेली वीस वर्षं एका सपाट दगडावर धुणं बडवत होत्या. मामांनी चार गड्यांना घेऊन तो दगड उलटा केला, तर खालच्या अंगाला कोरलेला ढाल-तलवारवाला माणूस, त्याच्या मागं गाई आणि वर चंद्र-सूर्य. वीरगळ होता तो. गावाची गुरं चोरांच्या हातून सोडवताना मेलेल्या माणसाची आठवण. काकींनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! ह्यो बाबा माज्या साबनाखाली हुता व्हय इतकी वरसं!" मग काकी जी गोष्ट सांगायला लागल्या, काय विचारता! पहिल्या आठवड्यात चोर पाच होते. दिवाळीपर्यंत पंचवीस झाले. तालुक्याचे कुणी साहेब पाहायला आले त्या दिवशी शंभर चोर आणि एक हत्ती होता. हत्ती कुठून आला म्हणून मी विचारलं, तर काकी माझ्यावरच डाफरल्या, "तुमी हुतासा का तितं?"

पण आपल्याकडे दगड धुवून उभा केला की त्याचा देव व्हायला वेळ लागत नाही. आठ दिवसांत वीरगळावर शेंदूर चढला, मग नारळ फुटला, मग काकींनी पायताण घालून परसात यायची बंदी केली. डोणीलाही कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. वाट चालायची म्हणजे जागोजागी पायताणं काढायची आणि पुन्हा घालायची. मामा खोबरेल तेलाची बाटली आणि चिंधी घेऊन काकींकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "काकी, ह्यो देव न्हवं. आपल्यासारका मानूस हुता. घरात बायकू-पोरं टाकून दुसऱ्याच्या गुरांसाटी गेला. शेंदरानं त्येचं त्वांड बुजतंय. त्येला बगू द्या की आपल्याकडं." काकी रुसल्या, पण तेल लावून दगड त्यांनी स्वतःच पुसला. फूल मात्र रोज ठेवीन म्हणाल्या. मामांनी फुलाला हरकत घेतली नाही.

असं करत करत सगळी वाट मोकळी झाली. राहिली ती बेचाळीस पावलं.

त्या उसाच्या एका अंगाला ज्ञानूचं शेत आणि दुसऱ्या अंगाला त्याचा सख्खा धाकटा भाऊ विठू याचं. वाट म्हणजे त्यांच्यातला बांध. वाटणी झाल्यापासून दोघं बोलत नव्हते. विहिरीवर इंजिन बसलं, ऊस आला आणि दरसाल ज्ञानूचा नांगर इकडून वीतभर, विठूचा तिकडून वीतभर बांध खात गेला. मामांची फेरी थांबल्यावर उरलीसुरली पायवाटही नांगराखाली गेली. मामांबरोबर मीही दोघांकडे गेले. ज्ञानू म्हणाला, "म्या खाल्ली न्हाय वाट. त्येनं खाल्ली. त्येला सांगा." विठूकडे गेलो तर तो म्हणाला, "म्या खाल्ली न्हाय वाट. त्येनं खाल्ली. त्येला सांगा." बाहेर आल्यावर मामा हसले. "आवाजबी येकच हाय बगा दोगांचा," म्हणाले. मला हसू येत नव्हतं. त्या वर्षी तीन खेपा झाल्या आणि तीनही फुकट गेल्या. मामांचे गुडघे तोपर्यंत कुरकुरायला लागले होते. वाट होईल तेव्हा हा माणूस चालू शकेल का, हीच मला काळजी.

आणि मग मी ते केलं. अजून आठवलं की कान गरम होतात.

उसाची तोड झाली तेव्हा दोन्ही शेतांच्या मधोमध एक अर्धा पुरलेला दगड उघडा पडला. लहानसा वीरगळच होता, कुण्या काळी बांधावर उभा असलेला. दोन दिवसांत नांगर लागणार होता. मी शाळेत विज्ञान शिकवणारी, फळ्यावर 'अंधश्रद्धा' हा शब्द मोठ्या अक्षरात लिहिणारी बाई. पण मी काय केलं? सकाळी शाळेच्या आधी शेंदराची पुडी, तेल, नारळ आणि झेंडूची माळ घेऊन गेले आणि तो दगड माखून टाकला. दुपारपर्यंत गावात बोंबाबोंब. बांधावर देव निघाला! ज्ञानू आला, विठू आला, दोघांनी दोन बाजूंनी हात जोडले. सखूकाकी म्हणाल्या, देवाच्या दोन्ही अंगांना चार-चार हात सोडा, न्हायतर घरादाराचं काय खरं न्हाय. दोघांनीही मुंडी हलवली. मी मागं उभी राहून मनातल्या मनात पेढे वाटत होते. तीन खेपांत जे झालं नाही ते मी आठ आण्यांच्या शेंदरात करून दाखवलं होतं.

तेवढ्यात पायताणाची करकर आली. मामा गर्दीतून पुढं झाले, दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या नखांत शेंदूर होता.  पिशवीतून तेलाची बाटली काढली, चिंधी काढली आणि सगळ्या गावासमोर खाली बसून दगड पुसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "मामा, काय करतासा ह्ये?" मामा पुसत राहिले. शेंदराखालून नाक आलं, मिशी आली, ढाल आली.

मग ते गुडघ्यावर हात टेकून कसेबसे उठले आणि म्हणाले, "ज्ञानू, विठू, ह्यो देव न्हाय. वाटंवर मेलेला मानूस हाय. देवाला भिऊन वाट सोडलीसा तर भ्या सरल्यावर पुन्ना नांगरशीला. मला तसली वाट नगं." मग दगडाशेजारी बोट दाखवून म्हणाले, "हितंच तुमच्या बाचा रांजन हुता. मी रोज ह्या उन्हातनं यायचो आन् त्यातलं पानी प्यायचो. तुमी दोगं ल्हान हुतासा, तुमीच भरायचासा त्यो. त्या रांजनाला शेंदूर न्हवता. तरी कुनी त्येला कदी पाय लावला न्हाय." एवढं बोलून ते निघून गेले. भाऊ एकमेकांकडे न बघता आपापल्या घरी गेले. मी एकटी त्या दगडापाशी उभी, पुसलेल्या शेंदराचे ओघळ बघत.

मी आठ दिवस मामांशी बोलले नाही. हातात आलेली वाट घालवली म्हणून माझा नुसता जळफळाट चालला होता. खरं तर लाज वाटत होती, पण ती मी कशाला कबूल करते! मामा शाळेवरून जायचे, "बाई, बरं हाय न्हवं?" म्हणायचे आणि मी फळा पुसत राहायचे. नांगर मात्र कुणीच लावला नव्हता. दोन्ही शेतं तशीच पडून होती, उसाचं पाचट वाऱ्यावर उडत होतं.

नवव्या दिवशी सखूकाकी धापा टाकत शाळेत आल्या. "बाई, चला, चला!" मी वर्ग सोडून गेले. मामा आधीच तिथं होते. बांधाच्या जागी, ज्ञानूच्या बाजूला, कुंभाराकडून आणलेला नवा कोरा रांजण मातीत बसवलेला होता. भरलेला. ज्ञानूचा पत्ता नव्हता. मामा वाकून ओंजळीनं पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी रांजणावर लाकडी झाकण आलं आणि साखळीनं बांधलेला पितळी पेला. पेल्यावर विठूच्या बायकोचं नाव होतं. तिसऱ्या दिवशी दोघं भाऊ दोरी धरून उभे होते, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. बोलणं काय, तर "वढ." "वढलीया की." "आजून वढ." पण ते दोघांचं सात-आठ वर्षांतलं पहिलं बोलणं. दोरीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन हात जमीन सुटली. मामांनी त्यावरून पावलं टाकली, मोठ्यानं मोजत. बेचाळीस भरली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आता तरी बोला की!" मी तिथंच रडायला लागले. लोक म्हणाले, उन्हानं झालं असेल.

माघातल्या एका रविवारी गाव पहिल्यांदा वाटेला लागलं. मामांची एकच अट होती. "ही टपालाची वाट हाय. रिकाम्या हातानं चालायचं न्हाय." म्हणून प्रत्येकानं धनगरवाड्यावरच्या कुणाला तरी एक पोस्टकार्ड लिहून हातात घेतलं. कुणी सोयऱ्याला, कुणी दूध घालणाऱ्याला, काकींनी आपल्या लग्नातल्या करवलीला. प्रत्येक दारात दगडाची गोष्ट झाली, काकींच्या दारात हत्ती दोन झाले, रांजणाचं पाणी प्यायलं आणि वर पोचल्यावर मामांनी सगळी कार्डं एकेक करून वाचली. दोनदा. ऊन कलायला लागलं तरी कुणी उठेना.

पुढं माझी बदली हातकणंगल्याकडे झाली. वाटेचा दिवस मी एकदाही चुकवला नाही. मामांचे गुडघे पार गेले आणि मग डोळेही. मोतीबिंदू उतरला होता. ते चावडीच्या पायरीवर बसायचे, वाटेला लागणाऱ्या प्रत्येकाचा हात चाचपून बघायचे, कार्ड हाताला लागलं की म्हणायचे, "जावा आता." कुणी बैलगाडीतून वर नेतो म्हटलं तर हात झटकायचे. "वाट चालायची असतीया. गाडी लावली की तिचा रस्ता झाला."

एका वर्षी मी परत खाली उतरत होते, तेव्हा रांजणापाशी ज्ञानू आणि विठू दोघंही उभे होते. विठूनं एक कार्ड माझ्या हातात दिलं. म्हणाला, "मामांस्नी द्या. जलमभर लोकांची पत्रं वाटली, त्यास्नी कुनी कदी ल्हिलं न्हाय, म्हनून आमी इचार केला." आणि ज्ञानू म्हणाला, "अक्षर माजं हाय, मजकूर त्येचा."

मामा पायरीवरच होते. मी म्हटलं, "मामा, तुमचं टपाल आहे." ते हसले. "माजं? पत्ता चुकला आसंल." मी त्यांच्याजवळ बसले आणि वाचलं:

"तीर्थरूप मामांस, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. वाट आहे. रांजण भरलेला आहे. या साली दोघांनी मिळून एक नांगर केला. बांध सोडून चाललो. पावलं दर पेरणीला मोजतो. बेचाळीसच आहेत. तुमचे, ज्ञानू व विठू."

 कार्ड हातात घेऊन मामांनी त्यावरून अंगठा फिरवला, अक्षरं हाताला लागतात का बघितलं. मग ते माझ्याकडे सरकवलं.

"बातमी कळली," म्हणाले. "आता मानसासाठी वाचा, बाई."

मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून, सावकाश, पुन्हा सुरुवात केली.